तीन अँटिव्हायरस आणि मंदाचा हात

चिकू सोलायला बसलेल्या बायकांच्या पुढ्यात सालींचा ढीग कधी झाला, ते त्यांनाही कळत नाही. गप्पा चालू असतात, हात चालू असतो, आणि कुणी टोपली घेऊन आलं की सगळ्या म्हणतात, एवढा झाला? आमच्या ऑफिसातल्या या किश्शांचंही तसंच झालंय. घडत होते तेव्हा ते किस्से नव्हतेच. तेव्हा नुसती नोकरीची काळजी होती. मला रोज चार ओळी लिहून ठेवायची सवय, म्हणून ते राहिले. परवा डबा खाताना एकाने एक सांगितला, त्यावर दुसरीने दुसरा, आणि टोपली भरली.

आधी माणसं सांगते. आमचं ऑफिस सरावलीला आणि कारखाना तलासरीला, हायवेलगत. चिकूचा गर, चिप्स, पावडर. मालकांना सगळे शेठ म्हणतात. त्यांची घरची भाषा गुजराती, ऑफिसात मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. मी हिशेब आणि स्टोअर बघते. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही, बघून बघून आणि वाचून शिकले. त्यामुळे कुठलाही पडदा काळा झाला की हाक येते, "सुनंदाबेन!"

मंदा डिस्पॅचला असते. राहायला आगरला, नवरा बोटीवर. कुठला माल कुठल्या गाडीने कुठे जाणार, याचे सगळे मेल तिच्याकडे येतात. आणि रमण, गंजाडचा, कारखान्याच्या वजनकाट्यावर. गाडी काट्यावर चढली की वजन त्याच्या कॉम्प्युटरवर उमटतं.

एवढीच माणसं. बाकी भीती.

*

सुरुवात झाली ती हसण्यासारखी नव्हती.

आमच्या कारखान्यापासून दोन गेट सोडून पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. पावसाळा सरता सरता एका सकाळी तिथले सगळे कॉम्प्युटर नेहमीसारखे सुरू झाले, पण एकही फाइल उघडेना. बिलं, ऑर्डरी, पगार, सगळं जागच्या जागी दिसत होतं आणि हाताला लागत नव्हतं. प्रत्येक फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी होती. तुमच्या फाइलींना आम्ही कुलूप घातलं आहे, किल्ली हवी असेल तर अमुक ठिकाणी संपर्क करा.

त्यांच्याकडे बॅकअपची डिस्क होती. पण ती कायम जोडलेलीच असायची, म्हणून तिलाही कुलूप. अँटिव्हायरसही होता. त्याची मुदत केव्हाच संपलेली. रोज सकाळी पडद्यावर लाल चौकट यायची आणि जो आधी येईल तो ती बंद करून कामाला लागायचा. दिवाबत्तीसारखंच ते एक काम झालं होतं.

शोध घेता घेता गाडी बिलिंगच्या टेबलावर थांबली. तिथे बसणाऱ्या गृहस्थांनी एक मेल उघडला होता. त्यांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

आमचे शेठ ते सगळं बघून आले आणि ऑफिसच्या मधोमध उभे राहिले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आपल्याकडे असं झालं," ते म्हणाले, "तर ज्याचा हात, तो घरी."

मंदाचा हात तेव्हा माऊसवर होता. तापलेल्या तव्यावरून उचलावा तसा तिने तो उचलला.

*

त्याच दुपारी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, बाजारातली सगळ्यात चांगली सिक्युरिटी शोधा.

मी शोधायला बसले. प्रत्येक कंपनी म्हणत होती, आम्हीच पहिले. प्रत्येकीकडे एक तक्ता होता, आणि त्या तक्त्यात तिच्या स्वतःच्या रकान्यात सगळ्या बरोबरच्या खुणा, बाकीच्यांच्या रकान्यांत फुल्या. असे तक्ते शेजारी शेजारी ठेवले तर बाजारात एकही चांगली कंपनी नाही आणि एकही वाईट नाही, एवढंच सिद्ध होत होतं. शेठना तसं सांगितलं.

"गाडी घेताना काय करतो?" शेठ म्हणाले. "चालवून बघतो ना? मग चालवून बघा."

तीन कंपन्यांनी फुकट महिनाभर वापरून बघायला दिलं. एकीचं चिन्ह लाल, एकीचं निळं, एकीचं हिरवं. ऑफिसात तीच नावं पडली. लाल, निळी, हिरवी. कुणाच्या घरी स्थळं आल्यासारखी चौकशी व्हायची, आज कुठली चालू आहे?

सगळ्यात आधी यंत्रं मोजायची होती. जिथे माणूस बसतो आणि जिथून बाहेरचं जग आत येऊ शकतं, अशा प्रत्येक यंत्राला त्या धंद्यात एंडपॉइंट म्हणतात. ऑफिसातली मी मोजली. काट्यावरच्या यंत्रासाठी रमणला फोन केला आणि विचारलं, तुझ्याकडे सिक्युरिटी म्हणून सध्या काय आहे?

"हाय ना, ताई. चांगली हाय."

"कुठली?"

"संध्याकाळी जाताना मी माऊस काढून घरी नेतो. माऊस नाय तर कोन काय करनार?"

डब्याच्या पिशवीत घालून नेतो म्हणाला. पावसात भिजू नये म्हणून वर प्लॅस्टिक. इतकी वर्षं एकालाही कॉम्प्युटरला हात लावता आला नाही, हेही सांगितलं, आणि ते खरं होतं.

तिघींची तुलना करायला मी स्वतःचा एक तक्ता केला होता, तो उघडला. "सध्याची सुरक्षा व्यवस्था" असा रकाना होता. त्यात लिहिलं: माऊस, मुक्काम गंजाड.

*

पहिली पाळी लालची.

लाल फार कडक. तिला एकदा सुरू केली की ती प्रत्येक फाइल काढून बघायची, झटकायची, परत ठेवायची. ऑफिसातल्या नव्या यंत्रांना ते झेपलं. काट्यावरचं यंत्र जुनं. त्याच्यावर लाल बसली आणि ते धापा टाकायला लागलं.

बरं, ही तपासणी तिने स्वतःच्या मनाने भर दुपारची वेळ धरून सुरू केली. आमच्या गाड्या येतात त्याच वेळेला. काट्यावर गाडी चढायची, रमण बटण दाबायचा आणि पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत राहायचं. गाडी उतरून गेली की मग तिचं वजन यायचं. तोपर्यंत काट्यावर दुसरी. कुठलं वजन कुठल्या गाडीचं, याचा पत्ता नाही. रमणने सगळ्या गाड्या थांबवल्या आणि मला फोन केला.

मी तलासरीला पोचले तेव्हा रांग गेटच्या बाहेर गेली होती. मागची शेवटची गाडी हायवेला लागायच्या बेतात. चिकू पिकलेला होता, आणि पिकलेला चिकू उन्हात कुणासाठी थांबत नाही.  तपासणी थांबवायचं बटण शोधून दाबलं, तर लाल विचारते, तुमची खात्री आहे का? खात्री असती तर हा तक्ता कशाला केला असता?

खिडकीशी एक ड्रायव्हर येऊन उभा राहिला. वलसाडकडचा, वयस्कर. बराच वेळ शांतपणे बघत होता. मग त्याने विचारलं,

"बेन, वजन गाडीचं करायचं आहे का कॉम्प्युटरचं? कॉम्प्युटरचं असेल तर मी तेवढ्यात जेवून येतो."

*

निळी आली ती दसऱ्याच्या सुमाराला.

निळीचं वेगळं होतं. ती आपल्या यंत्रावर फारसं काही करायची नाही. कुठल्यातरी मोठ्या शहरात माणसं बसलेली असायची, ती आमच्या यंत्रांवर नजर ठेवायची. काही वावगं दिसलं की फोन करायची. शेठना ही कल्पना आवडली. मंदाला मुळीच नाही. सारखं कुणीतरी पाठीमागे उभं असल्यासारखं वाटतं म्हणायची, आणि खरंच अधूनमधून मागे वळून बघायची.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. गर काढायचं मशीन, सोलायच्या सुऱ्या, काटा आणि अर्थातच कॉम्प्युटर. पूजेच्या आधी सगळं एकदम बंद करायचं आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही, असा शेठच्या वडलांपासूनचा नियम. कॉम्प्युटर बंद झाले. हळद, कुंकू, झेंडूच्या माळा. आरती चालू झाली आणि ऑफिसचा फोन वाजायला लागला. थांबला, परत वाजला. परत.

शेवटी मंदाने उचलला. निळीचा माणूस होता. आवाज घाबरलेला. तुमची सगळी यंत्रं एकाच क्षणी आमच्या नकाशावरून नाहीशी झाली आहेत, हल्ला झाला आहे का, काय चाललंय तिथे, असं तो हिंदीत विचारत होता. ते ऐकून मंदाने रिसीव्हर कानापासून लांब धरला. हल्ला शब्द कानावर पडला की तिला आधी स्वतःचा हात आठवायचा. मी खुणेने तिला सांगितलं, पूजेचं सांग.

"कॉम्प्युटर पूजेला बैठे है," मंदा म्हणाली.

 मग त्याने विचारलं, कधी उठतील?

"कल. आज उनको हात नहीं लगाने का."

त्या माणसाची अडचण आम्हाला नंतर कळली. यंत्रं बंद पडली की त्याला यादीतून कारण निवडावं लागतं, आणि त्या यादीत पूजा नव्हती. महिन्याच्या अहवालात आलं: "ग्राहकाने केलेली नियोजित देखभाल. उत्तम सवय."

शेठनी तो अहवाल फ्रेम करायचं मनावर घेतलं होतं. मीच थांबवलं.

*

मध्ये एकदा डहाणू रोड स्टेशनच्या बाहेर मोबाइलचं कव्हर घ्यायला थांबले. दुकानात कव्हर दाखवणारे गृहस्थ म्हणजे खोक्यांच्या कारखान्यातले बिलिंगवाले. आम्ही पूर्वी कधीकधी एकाच रिक्षात असायचो. मला बघून त्यांनी आधी न बघितल्यासारखं केलं. मग स्वतःच विचारलं, तुमचं ते सिक्युरिटीचं ठरलं का?

मी म्हटलं, अजून नाही. दोन बघून झाल्या, एक राहिली.

"कुठलीही घ्या," ते म्हणाले. कव्हरवरची धूळ पुसत होते. "ती चौकट यायची ना सकाळी, लाल. ऑफिसात सगळ्यात आधी मी पोचायचो."

मग त्यांनी कव्हर पिशवीत घालून दिलं. हा किस्सा मी डब्याच्या वेळी सांगितलेला नाही.

*

दिवाळीनंतर हिरवी आली. हिरवी फोनवरही बसायची. तिच्यासोबत एक माहितीपत्रक होतं. त्यात लिहिलं होतं की हल्ली मोबाइलवर लग्नपत्रिका म्हणून एक फाइल येते, ती उघडली की पत्रिका निघत नाही, फोनच दुसऱ्याच्या ताब्यात जातो. मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. अनोळखी पत्रिका उघडू नका. ओळखीच्या माणसाकडून आलेलीही आधी विचारल्याशिवाय उघडू नका, कारण त्याचाच फोन गेलेला असू शकतो.

आमच्याकडे पत्रिका उघडायची नाही म्हणजे काय, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारण्यापैकी ते आहे.

मंदाने मात्र अक्षर न् अक्षर पाळलं. तिच्या नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. नणंदेने मोबाइलवर पत्रिका पाठवली. मंदाने ती उघडली नाही, काढून टाकली. नणंदेने परत पाठवली. मंदाने परत काढली आणि वर नणंदेचा नंबरच अडवून ठेवला. ऑफिसचे मेल याच फोनवर येतात, म्हणायची. उद्या हिच्या पत्रिकेतून आत शिरलं आणि माझं नाव निघालं तर?

आगरला ही बातमी घरोघर झाली. वहिनीला आमच्या घरचं लग्न नको आहे, असं नणंद सांगत होती. नवरा समुद्रावरून आला तो याच गोष्टीवरून तोंड फिरवून बसला.

एके दिवशी दुपारी नणंद स्वतः सरावलीला आली. ऑफिसात. हातात छापील पत्रिका, वर हळदीकुंकवाची बोटं, आत अक्षता. आम्हाला वाटलं आता तमाशा होणार. शेठसुद्धा केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. नणंदेने पत्रिका मंदाच्या कीबोर्डवर ठेवली.

"घे. ही उघड," ती म्हणाली. "हिच्यात कायसुदा नाय. नुसता तांदूळ हाय."

मंदाने पत्रिकेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तेव्हा कुठे तिने उघडली.

*

पण मंदाची भीती काही पत्रिकेवर थांबली नाही.

डिस्पॅचला मेल उघडल्याशिवाय काम होत नाही. ट्रान्सपोर्टवाला कागद पाठवतो, सुरतेचा व्यापारी ऑर्डर पाठवतो, सगळं जोडून येतं. न उघडावं तर गाडी अडते. उघडावं तर ज्याचा हात, तो घरी. मंदाला रात्री झोप नाही, सकाळी भूक नाही. मी तिला समजावलं की पाठवणाऱ्याचा पत्ता नीट बघ, शंका आली तर फोन कर, मला विचार. ती विचारायची. पण मेल स्वच्छ आहे असं मी म्हटलं तरी तिचा हात पुढे व्हायचा नाही.

मग तिने स्वतःच एक पद्धत काढली. मेल आला की ती उठायची, केबिनच्या दाराशी जायची आणि म्हणायची, "शेठ, जरा येता? दाबायचं आहे."

शेठना पहिल्यांदा काही कळलं नाही. ते आले, मंदाने पडद्यावर बोट दाखवलं, त्यांनी दाबलं. ऑर्डर उघडली. मंदा आभार मानून कामाला लागली. थोड्या वेळाने परत. जेवणाआधी परत. शेठनी विचारलं, तुझ्या हाताला काय झालं? मंदा म्हणाली, काही नाही, पण हात तुमचा असला तर घरी कोण पाठवणार?

ती हे उर्मटपणे म्हणाली नाही. तिने खरंच विचार करून काढलेला मार्ग होता तो.  शेठ चिडतील असं वाटलं. पण त्यांना त्यात कुठे बोट ठेवावं ते सापडेना. नियम त्यांचाच होता.

पुढे पुढे त्यांना सवय झाली. फोनवर बोलता बोलता यायचे, न बघताच दाबायचे आणि बोलत बोलत परत जायचे.

मी हे बघत होते आणि माझी झोप उडत होती. आधी मंदा निदान बघून उघडायची. आता बघणारी एक आणि दाबणारा दुसरा, आणि दाबणारा बघतच नव्हता. मी एकदा शेठना हे सांगायला गेले. ते म्हणाले, त्यासाठीच तर तुम्हाला सॉफ्टवेअर घ्यायला सांगितलं आहे.

*

तिन्ही महिने झाले. मी तक्ता घेऊन केबिनमध्ये गेले.

लाल पकडते चांगलं, पण जुन्या यंत्राला झेपत नाही, आणि काट्याच्या प्रोग्रामलाच दोनदा चोर समजली. हिरवी फोन सांभाळते, पेनड्राइव्ह अडवते, वापरायला सोपी, पण काही झालं तर आपण तक्रार लिहायची आणि उत्तराची वाट बघायची. निळी हलकी आहे, कुलूप पडायला लागलं तर ते यंत्र बाकीच्यांपासून तोडते, बिघडलेल्या फाइली मागे आणायचा प्रयत्न करते, आणि माणूस फोन करतो. कुठलीही घेतली तरी बॅकअपची डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवायचीच. हे सगळं मी सांगितलं.

शेठनी तक्ता बाजूला सारला.

"बेन, एकच सांगा. यातली कुठली घेतली की मला घोर नाही?"

मी म्हटलं, तशी यात एकही नाही.

"मग तुम्ही एवढे दिवस काय बघत होता?"

"कुठली घेतली की घोर कमी, ते."

शेठनी निळी घेतली. कारण काय, तर पूजेच्या दिवशी तिने फोन केला होता. बाकीच्या दोघी त्या दिवशी असत्या तर त्यांना कळलंसुद्धा नसतं.

*

आता हा शेवटचा.

निळीच्या करारात एक कलम होतं, शेठनी न वाचताच सही केलेलं. कंपनी मधूनच स्वतः एक खोटा मेल पाठवणार. कोण फसतं ते बघणार. कुणालाही आधी सांगायचं नाही, मालकांनाही नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. व्यवस्था बघणारी म्हणून फक्त मला माहीत.

ते दिवस मला विचारू नका. मंदा डबा उघडून चतकोर भाकरी मला द्यायची, आणि मी ती न खाता तशीच घरी न्यायची.

मेल आला तो मंगळवारी, माल भरायच्या घाईत. तुमची गाडी बॉर्डरच्या चेकपोस्टला अडवली आहे, कागद जोडले आहेत, ताबडतोब बघा. मी माझ्या जागेवरून बघत होते. मंदाने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. तिने ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावला, तो उचलेना. ती उठली. मला वाटलं माझ्याकडे येते. ती केबिनकडे गेली.

शेठ कानाला फोन लावूनच आले. मंदा सांगत होती, शेठ, हा जरा वेगळा वाटतो, पत्ता नेहमीचा नाय. शेठनी मान डोलावली, फोनवर "हा, हा, बोलो" म्हटलं आणि दाबलं.

पांढरं पान उघडलं. बाकी काही झालं नाही. शेठ परत गेले.

शुक्रवारी अहवाल आला, शेठच्या नावाने. सगळ्यांच्या पुढे हिरवी खूण. एका नावापुढे लाल. मंदाचं यंत्र, मंदाचं नाव, मंगळवारची वेळ.

शेठनी मंदाला आत बोलावलं, मलाही. मंदा आत आली ती भिंतीला धरून उभी राहिली. टेबलावर अहवाल, आणि फोनच्या स्पीकरवर निळीचा माणूस. तो अदबीने सांगत होता की घाबरायचं कारण नाही, पण ज्या कर्मचाऱ्याने दाबलं त्याला एक कोर्स करावा लागेल. पडद्यावर बघायचा आणि शेवटी परीक्षा. आठवड्यात पास झालं नाही तर त्या नावाचा मेल आपोआप बंद होईल.

मेल बंद म्हणजे डिस्पॅच बंद. डिस्पॅच बंद म्हणजे मंदा घरी. हे तिथे कुणी बोललं नाही, पण मंदाने भिंत सोडली नाही.

"आणखी एक," स्पीकरमधून आवाज आला. "ज्याने दाबलं, त्यानेच बसायला पाहिजे. दुसरं कुणी बसून उपयोग नाही, सर. सवय त्याची बदलायची आहे."

शेठनी अहवालाकडे बघितलं. मग मंदाकडे बघितलं. मंदा जमिनीकडे बघत होती. ती एक शब्द बोलली नाही, आणि मीही नाही.  शेठनी घसा साफ केला, "बराबर छे" म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी दुपारी शेठ स्वतःची खुर्ची ओढत बाहेर आले आणि मंदाच्या टेबलाशी बसले. कानात तिचे इअरफोन घातले. पडद्यावर आलं, "वेलकम, मंदा." त्यांनी पुढे चला दाबलं.

कोर्स संपला, परीक्षा आली. शेठ नापास झाले. पडद्यावर आलं, "मंदा, पुन्हा प्रयत्न करा." ते कुणाकडेही न बघता परत पहिल्यापासून बसले. ऑफिसात कुणी जागेवरून हललं नाही. चहा आला तो तसाच निवत राहिला.

दुसऱ्या वेळी शेवटच्या प्रश्नापर्यंत आले. मेल तातडीचा आहे, पाठवणारा ओळखीचा वाटतो, तुम्ही काय कराल? खाली चार उत्तरं. बाण पहिल्यावर गेला, चौथ्यावर गेला, परत पहिल्यावर आला आणि तिथेच थांबला. शेठनी एक इअरफोन काढला.

"मंदाबेन," ते मागे न वळता म्हणाले, "कुठलं दाबू?"

मंदाने दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले.

"शेठ, नीट वाचून दाबा," ती म्हणाली. "नोकरी माझी हाय."